करकपातीलाच सवलत म्हणून दाखवून जाहीर केलेली सवलत नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व ग्राहक सेवा विभाग,
हलकी मालवाहू वाहने

विषय : नवीन पिकअपवरील सण सवलत आणि स्क्रॅप सवलत न दिल्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्रातील वरिष्ठ अधिकाऱ्याने आज दुपारी "यात आता आमच्याकडून काही होणार नाही" असे सांगून फोन ठेवला, म्हणून ही तक्रार लेखी करत आहे. गाडीची माहिती मी देत बसत नाही. गाडी आपण बनवता, तिच्यावर कोणत्या महिन्यात कोणती सवलत होती हेही आपणच ठरवता, आणि ते परिपत्रक आपल्याच कार्यालयातून विक्रेत्यांना जाते. त्यामुळे "कोणती सवलत?" हा प्रश्न मला पुन्हा विचारू नये.

दिवाळी पाडव्याला, 22 ऑक्टोबर 2025 रोजी, मी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून ही पिकअप घेतली. त्याआधी नारायणगावच्या उपबाजाराबाहेर या विक्रेत्याने मंडप टाकून गाडी मांडली होती आणि टोमॅटो घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कंपनीचे छापील पत्रक दिले जात होते. त्या पत्रकावर दोन सवलती स्पष्ट लिहिलेल्या आहेत. पहिली, करपूर्व किमतीतून 25,000 रुपयांची सण सवलत. दुसरी, जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आणणाऱ्याला एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे जीएसटीसह पण नोंदणी आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवर, 1.5 टक्के. सण सवलतीसाठी विमा शोरूममधूनच घ्यावा लागेल अशी अट विक्रेत्याने तोंडी घातली. विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा असतो, हे माहीत असूनही मी ती अट मान्य केली, कारण पत्रकावर तुमच्या कंपनीचे बोधचिन्ह होते आणि त्यावर माझा विश्वास होता.

प्रत्यक्षात यातला एक रुपयाही मला मिळालेला नाही. मिळाले ते एक दरपत्रक, ज्याची प्रत सोबत जोडली आहे. ते आपण स्वतः डोळ्यांखालून घालावे. वरच्या ओळीत 10,24,000 ही जुनी किंमत छापून तिच्यावर आडवी रेघ मारलेली आहे, खाली 9,44,000 ही नवी किंमत आहे, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत निळ्या पेनाने "एकूण ग्राहक लाभ 80,000" असे लिहून त्याभोवती दोनदा गोल काढला आहे. त्याच्या खाली सण सवलत आणि स्क्रॅप सवलत अशा दोन छापील ओळी आहेत आणि दोन्हींपुढे नुसती छोटी रेघ ओढून ठेवली आहे.

हे 80,000 रुपये आले कुठून, ते आता पाहू. गाडीची करपूर्व किंमत 8,00,000 रुपये आहे. मालवाहू वाहनांवर 28 टक्के जीएसटी होता तेव्हा कर 2,24,000 रुपये होत होता. जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत हा दर 18 टक्क्यांवर आणला, तो 22 सप्टेंबरपासून लागू झाला, आणि कर 1,44,000 रुपये झाला. फरक बरोबर 80,000 रुपयांचा आहे. म्हणजे पेनाने गोल काढलेली सगळी रक्कम सरकारने कमी केलेल्या कराची आहे. कंपनीच्या 8,00,000 रुपयांच्या किमतीतून एक पैसाही कमी झालेला नाही. शिवाय कर कमी झाला की तो फायदा किमतीत उतरवून ग्राहकापर्यंत पोहोचवणे हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 171 प्रमाणे विक्री करणाऱ्याचे कर्तव्यच आहे. जे देणे कायद्यानेच बंधनकारक आहे, ते आपण मला लाभ म्हणून लिहून देता आणि जे आपण स्वतःहून जाहीर केले, त्याच्यापुढे रेघ ओढता, हे कोणत्या व्यवहारात बसते?

हाच प्रश्न मी आजच्या फोनवर विचारला. त्या संभाषणात काय झाले ते मी सविस्तर लिहितो, कारण आपल्या नोंदीत ते "ग्राहकाला समजावून सांगितले" एवढ्या एका ओळीत संपलेले असणार.

सुरुवातीला एका मुलीने फोन घेतला. तिने चॅसिस क्रमांक विचारला, तो मी सांगितला. मग तिने तक्रार विचारली, तीही मी पहिल्यापासून सांगितली. ती नम्रपणे म्हणाली, "काका, तुम्हाला बेनिफिट मिळालेलं दिसतंय." मी विचारले, कोणते? ती म्हणाली, "ऐंशी हजारांचं." मी म्हटले, बाई, तो सरकारने कमी केलेला कर आहे, कंपनीची सवलत वेगळी आहे आणि ती बिलात नाही. तिने मला थांबायला सांगून फोन वरिष्ठांकडे दिला. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, तिच्या समोरच्या पडद्यावर जे होते ते तिने वाचले.

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माझे नावही विचारले नाही. त्यांचे पहिले वाक्य होते, "बोला, अजून काय पाहिजे?" मी पत्रकातील दोन्ही सवलती त्यांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "साहेब, गाडी ऐंशी हजारांनी स्वस्त झाली ना? मग?" मी म्हटले, कर सरकारने कमी केला आहे. त्यावर ते म्हणाले, "पण गाडी तर आमचीच आहे ना?" मी पुन्हा विचारले की पत्रकातल्या सण सवलतीचे काय झाले. ते म्हणाले, "ते पत्रक जीएसटी कमी व्हायच्या आधीचं असेल." मी पत्रकावरचा कालावधी वाचून दाखवला, त्यात 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत असे छापलेले आहे आणि पत्रकात नवा 18 टक्के करही लिहिलेला आहे. यावर ते काही क्षण गप्प बसले आणि मग जे बोलले ते मी शब्दशः देतो : "तुम्हा शेतकरी लोकांना ना, सगळीकडे सबसिडीची सवय लागली आहे. सरकारनेही द्यायचं, कंपनीनेही द्यायचं, मग गाडी फुकटच घेऊन जा की."

महोदय, या गाडीसाठी मी रोख रक्कम भरली आहे, वर कर्ज काढले आहे, आणि त्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला माझ्या खात्यातून जातो. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला 1,44,000 रुपयांचा कर मला कुठेही वजा करून मिळत नाही, तो पूर्ण माझ्या खिशातून गेला आहे. मी अनुदान मागितलेले नाही. आपणच छापून वाटलेली किंमत आपण पाळावी, एवढेच माझे मागणे आहे. शेतकरी असल्याचा उल्लेख करून मला हिणवण्याचा अधिकार आपल्या अधिकाऱ्याला कोणी दिला? ज्या उपबाजाराच्या दारात आपण मंडप टाकता, तिथे गाडी घेणारा दुसरा कोण असतो असे आपल्याला वाटते? आपले संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, असे फोनच्या सुरुवातीलाच ऐकवले जाते. ते ध्वनिमुद्रण काढून ऐकावे आणि माझा एक शब्द जरी खोटा निघाला तरी मला कळवावे.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने मोबाइलवर संदेश आला की माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.

आता स्क्रॅप सवलतीबद्दल, कारण ती नाकारणे मला अधिक गंभीर वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्याबरोबर झालेल्या बैठकीनंतर व्यापारी वाहने बनवणाऱ्या कंपन्यांनी दोन वर्षांसाठी ही सवलत देण्याची तयारी दाखवली होती : साडेतीन टनांवरील गाडीला 3 टक्के आणि त्याखालील गाडीला 1.5 टक्के. आपल्या पत्रकातला आकडा तोच आहे. माझी आधीची पिकअपही आपल्याच कंपनीची होती. माळशेज घाटातून वाशीच्या बाजारापर्यंत तिने वर्षानुवर्षे माल नेला, आणि शेवटी ती रस्त्यावर चालवणे योग्य नाही म्हणून मी ती नोंदणीकृत केंद्रात दिली. बाहेर भंगारवाल्याने किंवा जुन्या गाड्यांच्या दलालाने मला जास्त पैसे दिले असते. तरी मी नियमाने गेलो, कारण प्रमाणपत्रावर सवलत मिळेल असे आपण लिहिले होते. जुनी गाडी बदलून देण्याचा बोनस मी मागितलाच नाही, कारण गाडी मी बदलून दिलेली नाही, मोडीत काढली आहे.

नोंदणीच्या वेळी परिवहन कार्यालयाने हेच प्रमाणपत्र पाहून नोंदणी शुल्क माफ केले आणि मोटार वाहन करातही सूट दिली. त्यासाठी मला कोणाशी वाद घालावा लागला नाही. ज्या सरकारी कार्यालयांना आपण सगळे नावे ठेवतो, त्यांनी आपला शब्द पाळला. प्रमाणपत्र आता वापरले गेले आहे, म्हणजे तेच घेऊन मी दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊ शकत नाही. माझी जुनी गाडीही गेली आणि तिच्या बदल्यात मिळणारी सवलतही गेली.

विक्रेत्याला विचारले तर तो म्हणतो, "कंपनीकडून क्लेम येत नाही, आम्ही पदरचे कुठून देऊ?" कंपनीला विचारले तर सांगितले जाते की अंतिम किंमत हा विक्रेत्याचा अधिकार आहे. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. योजनेची सवलत विक्रेता बिलात देतो आणि नंतर चॅसिस क्रमांकासह कंपनीकडे क्लेम लावून ती रक्कम वसूल करतो, ही पद्धत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. म्हणून माझा प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर मला लेखी हवे आहे : माझ्या चॅसिस क्रमांकावर सण सवलतीचा किंवा स्क्रॅप सवलतीचा क्लेम लावला गेला आहे काय, आणि लावला असेल तर तो मंजूर होऊन रक्कम कोणाच्या खात्यात गेली? क्लेम लावला नसेल तर विक्रेत्याने मला सवलतीपासून वंचित ठेवले आहे. लावून पैसे उचलले असतील तर माझ्या नावावर दुसऱ्याने पैसे घेतले आहेत. दोन्ही प्रकारांत जबाबदारी आपली आहे, कारण पत्रकावर नाव आपले आहे.

माझी मागणी अशी आहे. 25,000 रुपये करपूर्व किमतीतून वजा झाले असते तर कर 7,75,000 रुपयांवर लागला असता आणि तोही 4,500 रुपयांनी कमी झाला असता. स्क्रॅप सवलतीचे 9,44,000 रुपयांवर 1.5 टक्क्यांप्रमाणे 14,160 रुपये होतात. एकूण 43,660 रुपये मला परत मिळावेत. बिल झाले, आता बदलता येणार नाही, हे कारण कृपया देऊ नये. सवलत विक्रीच्या आधीपासून जाहीर होती, त्यामुळे विक्रेत्याने बिलाच्या संदर्भाने क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम नंतर कमी करणारा कागद, काढून करासह रक्कम कमी करण्याची सोय कायद्यात आहे आणि 2025-26 या आर्थिक वर्षातील बिलासाठी तिची मुदत 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत आहे. याशिवाय त्या अधिकाऱ्याने केलेल्या वक्तव्याबद्दल कंपनीने लेखी माफी मागावी. ही मागणी मी पैशांच्या खालोखाल लिहिली असली तरी ती माझ्यासाठी कमी महत्त्वाची नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. गाडी व्यवसायासाठी घेतली म्हणून मी ग्राहक नाही, असा बचाव आपले वकील सुचवतील, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधील ग्राहकाच्या व्याख्येखालचे स्पष्टीकरण त्यांनी वाचावे. स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. गाडी मी स्वतः चालवतो आणि त्यात माझाच माल असतो. पत्रक, दरपत्रक, बिल, विम्याची पावती आणि स्क्रॅप प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडल्या आहेत, मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आमच्या भागात पिकअप घ्यायची म्हटले की लोक आधी आपल्या कंपनीचे नाव घेत आले आहेत. माझ्या वडिलांनीही तेच केले आणि मीही तेच केले. टोमॅटोचा पुढचा हंगाम संपल्यावर आमच्या वाडीत आणखी काही जण गाडी घेणार आहेत आणि ते मला विचारणार आहेत. आपले दरपत्रक, त्यावरचा निळा गोल आणि त्याखालच्या दोन रेघा मी त्यांच्यासमोर ठेवीन. तोपर्यंत आपले उत्तर आले असेल तर तेही त्यांना दाखवीन.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक ग्राहक
(नाव, चॅसिस क्रमांक व बिल क्रमांक जोडलेल्या कागदपत्रांवर आहेत.)