सकाळी साडेसातची लवचीकता

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत नेटवर्किंग, सकारात्मक विचार आणि कामाच्या लवचीक वेळा या त्रिसूत्रीवर आपण पानभर लेख छापला आहे. लेखाची भाषा सफाईदार आहे आणि छायाचित्रही देखणे आहे. समुद्रकिनारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्या परदेशी बाईंना भर उन्हात पडद्यावरचे काही दिसते तरी कसे, एवढेच कुतूहल शिल्लक राहिले. माझा आक्षेप लेखाच्या मध्यावरील विधानाला आहे. कामाची लवचीक वेळ ही वरिष्ठांकडे मागण्याची गोष्ट नसून ती आधी आपल्या मनात तयार व्हावी लागते, असे लेखकमहाशयांनी निःशंकपणे लिहिले आहे. हे विधान त्यांनी कोणत्या कचेरीत नोकरी करून लिहिले, हे कळले असते तर बरे झाले असते.

मी फोर्टमधील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात अनेक वर्षे नोकरी केली. शाखांच्या खात्यांचा ताळमेळ घालणे हे माझे मुख्य काम होते, आणि त्यासाठी सकाळी दहालाच खुर्चीत हजर असण्याची काडीचीही गरज नव्हती. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आल्यावर दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. त्या संध्याकाळी सहा वाजता निघत, कारण त्यांचेही घर होते. मी लेखी अर्ज केला की मला दहा ते सहाऐवजी आठ ते चार अशी वेळ द्यावी. तास तेवढेच, काम तेवढेच, पगारही तेवढाच. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही प्रॉब्लेम घेऊन आलात, सोल्यूशन घेऊन या.’’ त्या अर्जात सोल्यूशनखेरीज दुसरे काही नव्हते, पण ते त्यांच्या नजरेस पडले नाही.

त्यानंतर कंपनीने आमच्यासाठी सकारात्मक विचारांची कार्यशाळा ठेवली, आणि तीही शनिवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी. प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या हाती एक पिवळी चिठ्ठी दिली आणि आपल्याला मागे खेचणारा नकारात्मक विचार तीवर लिहायला सांगितला. मी लिहिले, ‘मावशी सहा वाजता जातात.’ प्रशिक्षकांनी ती चिठ्ठी सर्वांसमोर मोठ्याने वाचली, प्रेमळ हसले, आणि हे वाक्य खोडून त्याजागी ‘माझ्याकडे भरपूर वेळ आहे’ असे लिहून ते छातीवर हात ठेवून म्हणायला लावले. मी म्हटले. सभागृहात टाळ्याही पडल्या. सोमवारी मावशी सहालाच गेल्या आणि मी त्यानंतरही सीएसएमटीच्या फलाटावर गर्दीत उभी होते.

संपादक महोदय, सकारात्मक विचारांशी माझे वैर नाही. डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या बायकांना आशावाद शिकवण्याची गरज नसते. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येणाऱ्या बाईइतका आशावाद कोणत्या प्रशिक्षकाजवळ असेल, हे मला ठाऊक नाही. प्रश्न एवढाच आहे की हजेरीची वेळ जो ठरवतो त्याच्याकडे बोट दाखवायचे सोडून, जिला ती वेळ पाळावी लागते तिच्याच मनात दोष शोधण्याची ही कोणती रीत?

आपल्याकडे हे जमतच नाही असेही नाही. मध्य रेल्वेने 2023 च्या नोव्हेंबरपासून आपल्या मुंबई विभागीय कार्यालयात साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा लावल्या आणि गर्दी विभागावी म्हणून शहरातील इतर कार्यालयांनाही वेळा बदलण्याची विनंती केली. त्या विनंतीला किती कार्यालयांनी भीक घातली, हे आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिल्यास कोणालाही दिसेल. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी गाडीतून पडून मरण पावले, तेव्हा कार्यालयीन वेळांची चर्चा पुन्हा उसळली होती. त्या प्रवाशांच्या मनाची घडण सकारात्मक होती की नकारात्मक, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नाही.

लेखात कायद्याचा एक शब्दही नाही, हे मला सर्वांत खटकले. आपल्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, 26 आठवड्यांच्या रजेनंतर घरून काम करण्याची सोयही त्यात आली. परंतु ती मालक आणि कर्मचारी यांच्या आपसांतील संमतीवर सोडली आहे, आणि अशी संमती आमच्या साहेबांसारख्यांकडून कशी मिळते, ते वर सांगितलेच आहे. सासूबाईंसाठी तर तेवढीही सोय नाही. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळेची मागणी करता येते. तिथेही मालक नकार देऊ शकतो, पण त्याला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकी एखादे दाखवावे लागते. ‘सोल्यूशन घेऊन या’ हे त्या आठांत नाही. आपल्याकडे मात्र वारे उलटे आहे. नारायण मूर्ती यांनी 2023 मध्ये आठवड्याला 70 तासांचा आग्रह धरला, 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी तो 90 वर नेला, आणि त्याच वर्षी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांसाठी दिवसाची 9 तासांची मर्यादा 10 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. लवचीकता आहे, फक्त ती एकाच बाजूला वाकते.

आता नेटवर्किंगविषयी. नोकरी सोडल्यावर मी घरून छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे करू लागले. एका परिचिताने आग्रह करून ठाण्यातील एका व्यावसायिक क्लबच्या सभेला नेले. सभा दर आठवड्याला, हॉटेलात, सकाळी साडेसातला. म्हणजे सहालाच घर सोडायचे, आणि मावशी तर आठला येणार. प्रत्येकाने मिनिटभरात आपला धंदा सांगायचा, मग एकमेकांना ग्राहकांची नावे चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि येता आले नाही तर आपल्या जागी बदली माणूस पाठवायचा. एका धंद्याचा एकच सभासद असल्याने गैरहजेरी खपत नाही. या सभेत मॉड्युलर किचनवाल्यापासून विमा एजंटापर्यंत प्रत्येक जण ‘मी माझ्या वेळेचा मालक आहे’ असे सांगत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आपले मिनिट संपवत होता. खोलीत बायका मोजक्याच होत्या. चहाच्या वेळी त्यांना विचारले तेव्हा कळले की एकीची आई घरी असते आणि दुसरीची मुले मोठी झाली आहेत. क्लबमुळे धंदा वाढतो हे मी नाकारत नाही, तिथे कामे मिळालेली माणसे मी पाहिली आहेत. परंतु मला माझे पहिले ग्राहक मिळाले ते लेडीज डब्यातल्या ओळखींतून. तिथे प्रवेश शुल्क नव्हते आणि एखादे दिवशी गाडी चुकली तर कोणी बदली बाई मागत नसे.

शिवाय स्वतःचा व्यवसाय म्हणजे वेळेचे स्वातंत्र्य, हेही लेखकाने फार सहज लिहिले आहे. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी महिन्याची 11 आणि 20 तारीख ठरलेली असते, आणि बहुतेकांना आपली बिले पाठवण्याची आठवण 19 तारखेच्या रात्रीच होते. तरीही मी या कामात सुखी आहे, कारण दुपारी सासूबाईंना जेवू घालून मी रात्री पुन्हा बसू शकते. हे सुख मनात तयार झाले नाही. त्यासाठी दरमहाचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि मेडिक्लेम सोडावा लागला. हा हिशेब लेखात कुठेच आलेला नाही.

जाता जाता एक गोष्ट आपल्या कार्यालयाविषयी. लेखाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ‘प्रायोजित मजकूर’ हे दोन शब्द इतक्या बारीक अक्षरांत आहेत की मला ते चष्मा लावूनही दुसऱ्यांदा वाचताना दिसले. यापूर्वीही आरोग्यविषयक एका लेखाबाबत हेच झाले होते आणि मी पाठवलेले पत्र आपण छापले नव्हते. वाचक पुरवणी पैसे देऊन घेतो, तेव्हा जाहिरात कोणती आणि लेख कोणता हे त्याला शीर्षकाशेजारीच, शीर्षकाच्याच टायपात कळावे. आणि लेखाखालच्या चौकटीत ज्या ‘मोफत परिचय सभे’चे निमंत्रण आहे, तिचीही वेळ सकाळी साडेसातचीच आहे. ती दुपारी ठेवता येईल का, हे आपल्या जाहिरात विभागाने प्रायोजकांना विचारून कळवावे.

आपली,
एक नियमित वाचक
डोंबिवली (पूर्व)