पाच की सात, तेवढं सांगा

महोदय,

गेल्या आठवड्यात एरंडोलहून जळगावला मुलीकडे निघालो होतो. वाटेत कडुलिंबाखाली वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी. मला थांबवलं. फलक ६० चा, यंत्रात माझा वेग ६४. लायसन्स बघून तरुण हवालदार म्हणाला, "जा काका. पाच-सात आम्ही धरत नाही." मी विचारलं, "पाच की सात?" तो हसला. "माणूस पाहून."

दंड वाचला म्हणून तेव्हा बरं वाटलं, खोटं का बोलू? पण एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाच्या डोक्यातून 'माणूस पाहून' काही जाईना. आमच्या बसला वेगनियंत्रक बसवल्यावर पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकायची नाही, मग मागच्या सीटवर आमदार बसलेला असो की बाजारची पाटी घेतलेली म्हातारी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेगाचा दंड स्पष्ट लिहिलाय: हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजार, ट्रक-बससारख्या मोठ्या वाहनाला २ हजार ते ४ हजार रुपये. 'पाच-सात' हा शब्द त्या कलमात नाही. वेग नुसत्या नजरेच्या अंदाजाने नव्हे, यंत्राने मोजलेला हवा, हेही तिथेच आहे. यंत्र म्हटलं की थोडी चूक आलीच, तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथे १०० च्या आतला वेग असेल तर मोजलेल्या आकड्यातून ३ किलोमीटर वजा करतात, त्याच्या वर ३ टक्के. सगळ्यांना तेवढंच, आणि ते सगळ्यांना ठाऊक.

आपल्याकडे सूट गुपित, म्हणून जो तो आपल्या सोयीने ती वाढवतो. बसस्टँडवरचा एक काळी-पिवळीवाला मला शिकवत होता, "साठना बोर्ड शे ना आबा, मंग सत्तर चालस." आता साठवरून सत्तरवर गेलं की वेग सहाव्या हिश्शानेच वाढतो, पण ब्रेक लागल्यावर गाडी उभी राहायला लागणारं अंतर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. कापसाच्या दिवसांत संध्याकाळी या रस्त्यावर यावं. दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रेडियम, आणि ती दिसते तेव्हा तुमच्या बॉनेटपासून तीस-चाळीस पावलांवर असते. मी तिथे पन्नासनेही घाबरत चालवलंय.

सुटीचा आकडा जाहीर केला तर लोक तोच वेग धरून चालतील, असं कुणी म्हणेल. आज सत्तर धरलाच आहे की!

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोलिस अधीक्षकांना विनंती आहे. यंत्राच्या चुकीपोटी किती किलोमीटर सोडता तो एकच आकडा ठरवून जाहीर करा. कॅमेऱ्याने वेग पकडायचा तर आधी तसा फलक लावावा लागतो आणि यंत्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, हा नियम २०२१ पासून आहेच. त्याच फलकाखाली हा आकडाही रंगवता येईल. तो ३ निघाला तर माझ्या ६४ ची पावती पाठवा, भरतो.

– एक निवृत्त एसटी चालक, एरंडोल