स्पिंडल नको, नळच बदलून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : वॉरंटीतील गळका नळ बदलून मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधी लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आपला पाव फेऱ्यात उघडणारा अर्धा इंची पितळी नळ स्वयंपाकघरासाठी घेतला. खोक्यावर सात वर्षांची वॉरंटी छापली आहे. तीन आठवड्यांत तो गळू लागला. आपला माणूस तीनदा येऊन स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी उघडबंद करणारा भाग, बदलून गेला आणि तिन्ही वेळा दोन-चार दिवसांत थेंब पुन्हा सुरू झाले. शेवटच्या खेपेला "तुमच्या पाण्यात क्षार आहेत" असं सांगून त्याने २५० रुपये व्हिजिट चार्जही घेतला.

हे कारण मला मान्य नाही. आमच्याकडे बोअर नाही, महापालिकेचं पाणी आहे. त्याच लाइनीवर मोरीत जुना वायसरचा नळ आहे. वर्षा-दोन वर्षांनी वायसर बदलतो, बाकी त्याची काही तक्रार नाही.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर काम केलं आहे. शेवटी मीच मेन कॉक बंद करून स्पिंडल काढला. त्यातल्या सिरॅमिकच्या चकत्यांवर ओरखडासुद्धा नाही. मग नळात बॅटरी मारून बघितलं. स्पिंडलची रबरी रिंग जिथे टेकते, त्या सीटवर खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा आहे. काडी फिरवली की तिथे अडकते. हा कास्टिंगमधला ब्लो होल आहे, म्हणजे पितळ ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी. पाणी रिंगेखालून तिथून झिरपतं. वरचा स्पिंडल कितीही वेळा बदला, गळती थांबणार नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा पातेलं ठेवून मोजलं, चार लिटर भरलं. म्हणजे दिवसाला बारा लिटर. टपटपीने आईची झोप मोडते, म्हणून तिने नळाच्या तोंडाला सुतळी बांधली आहे, थेंब तिच्यावरून आवाज न करता उतरावा म्हणून. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली, तेव्हा आम्ही घागरी घेऊन टँकरपुढे उभे होतो. त्या घरात हे पाणी वाया जाताना बघवत नाही.

तरी नवा नळ बसवून द्यावा आणि २५० रुपये परत करावेत. चौथा स्पिंडल पाठवू नये. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. बिल, वॉरंटी कार्ड आणि सीटचा फोटो सोबत जोडला आहे.

जुना नळ मात्र भंगारात टाकू नका, फाउंड्रीत दाखवा. त्याच लॉटमधले नळ आणखी कुणाकुणाच्या घरी बसले असतील.

आपला,
एक ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर