प्लॉट विकायच्या आधी पाणी दाखवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावाला चारही बाजूंनी लेआउट पडत आहेत, त्याबद्दल लिहितो आहे. बायपासला लागून जिथं कालपरवापर्यंत तूर-पऱ्हाटी होती तिथं आता खुंट्या ठोकल्या, मुरूम टाकला, गेट उभं झालं, आणि दलालाला पाण्याचं विचारलं की तो म्हणतो बोर आहे ना, नाहीतर नगरपालिकेचा नळ येईलच. नळाला पाणी कुठून येईल हे कोणीच सांगत नाही. ते येईल धरणातून, आणि मग रब्बीत चण्या-गव्हाला कॅनॉलच्या पाण्याची एक पाळी कमी होईल, हे कॅनॉलवरच्या प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स नावाचं मोठं शहर आहे. तिथं वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ९०० च्या आसपास. कोलोरॅडो नदीचं पाणी त्यांनी ५०० किलोमीटरहून लांब कॅनॉल काढून आणलं, पण मला त्या कॅनॉलपेक्षा त्यांचा १९८० चा भूजल कायदा जास्त कामाचा वाटतो. या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्या भागात प्लॉट पाडून विकायचे असतील तर १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे आधी दाखवावं लागतं, दाखला नाही तर विक्री नाही. आणि जून २०२३ मध्ये हिशोब निघाला की पुढच्या १०० वर्षांत जमिनीखालचं पाणी मागणीच्या ४ टक्के कमी पडेल, फक्त ४ टक्के, तरी सरकारनं नुसत्या भूजलाच्या भरवशावरच्या नव्या वसाहतींना दाखले देणं थांबवलं.

तिथंही पळवाट निघालीच. नियम सहा किंवा जास्त प्लॉटला लागू, म्हणून लोकांनी जमीन पाच-पाच प्लॉट करून विकली. रिओ व्हर्डे फूटहिल्स म्हणून वस्ती आहे, तिथली शेकडो घरं टँकरवर होती, आणि टँकर भरायचे ते शेजारच्या स्कॉट्सडेल शहरातून. कोलोरॅडो नदीत पाणी कमी झालं तसं स्कॉट्सडेलनं १ जानेवारी २०२३ पासून हे पाणी बंद केलं. चांगली मोठी घरं बांधलेली माणसं पावसाचं पाणी बादलीत धरून संडासात टाकत होती! आपल्याकडे गुंठ्या-गुंठ्यानं जे प्लॉट विकले जातात त्यांचं काय होईल ते यावरून समजून घ्या.

आणि आपण तर हे भोगलेलं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे तलाव आटले तेव्हा शहरात लोक टँकरमागे कसे धावत होते ते सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. त्याच्या आधीच आजूबाजूच्या ग्रामपंचायती नगरपालिकेत आल्या होत्या, घरं वाढली होती, तलाव मात्र तेच. बोरचा भरवसा तर धरूच नका, आपल्या खाली काळा पाषाण आहे, पाणी वरच्या मुरमाच्या थरात राहते, खाली खोल गेलं की बहुतेक वेळा धुराळाच निघतो आणि शेजारच्या वावरातली विहीर मार्चमध्येच बसते.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. फिनिक्सजवळच्या पालो व्हर्डे अणुवीज केंद्रात थंड करायला शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. दूर कशाला, आपल्या नागपुरात भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचते. मग तालुक्याच्या गावाचं पाणी नालीतून नाल्यात का सोडायचं, ते शुद्ध करून एमआयडीसीला द्या, बांधकामाला द्या, आणि धरणातलं तेवढं पाणी कॅनॉलला राहू द्या.

शहर वाढू नये असं माझं म्हणणं नाही, आमचीच पोरं तिथं भाड्यानं राहून शिकतात, पुढे घर घेतील. पण लेआउटला मंजुरी देताना वीज, रस्ता पाहता तसा पाण्याचा दाखलाही मागा, १०० वर्षांचा नाही तर निदान ३० वर्षांचा, आणि तो दाखला दोन-चार प्लॉट पाडणाऱ्यालाही लागू करा. धरणातून शहराला जादा पाणी द्यायचं ठरलं तर कॅनॉलखालच्या गावांच्या ग्रामसभेत आधी सांगा. आपल्या पेपरनं एवढं करावं, की प्रत्येक नगरपालिकेला मंजूर लेआउटची यादी आणि त्यातल्या एकेकाचं पाणी कुठून येणार हे विचारून छापावं.

आपला,
एक कास्तकार वाचक,
जि. यवतमाळ