बेडिंगच्या आधी दोन स्क्रू तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले आणि रायफल हा विषय आपल्याकडे घरोघरी पोचला. आता ठाणे, वाशी, पनवेलच्या ज्या घरांत मूल नेमबाजी करते, तिथे गुण अडकले की एक प्रश्न हमखास निघतो: रायफलचे बेडिंग, म्हणजे तिच्या पोलादी भागाची लाकडातली बैठक पक्की करणे, करून घ्यावे का? हा खर्च अनेकदा चुकीच्या रायफलवर, चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या हातून होतो, म्हणून हे पत्र.

रायफलची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग, दोन स्क्रूंनी लाकडी स्टॉकमध्ये (दस्त्यात) आवळलेली असते. खालची लाकडी बैठक तंतोतंत नसेल तर स्क्रू आवळताना पोलाद किंचित वाकते. हा ताण प्रत्येक वेळी सारखा राहिला तरी चालून गेले असते. पण तो उन्हाने, दमट हवेने, स्क्रू पाव फेरा सैल झाल्याने बदलतो आणि गोळ्यांचा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) सरकतो किंवा फाटतो. बैठकीत इपॉक्सीचा थर ओतून अ‍ॅक्शनचा हुबेहूब साचा तयार करणे म्हणजे बेडिंग.

आधी एअर रायफलचा विषय संपवू. 10 मीटरच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या मॅच रायफलला बेडिंगची गरज नाही. धक्का जवळजवळ नसतो आणि बहुतेक नव्या रायफलींचा स्टॉक अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तिथे कुणी बेडिंग सुचवले तर नको म्हणावे आणि त्या पैशात छर्ऱ्यांचे चार वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेल्या खेपा) आणून तपासावेत. अ‍ॅल्युमिनियम स्टॉकच्या .22 (0.22 इंची काडतुसाच्या) रायफलींनाही हेच लागू. प्रश्न उरतो तो लाकडी स्टॉकच्या .22 चा. आपल्याकडे क्लबमधून मुलांच्या हाती येणाऱ्या जुन्या रायफली बहुधा याच.

अशा रायफलची तपासणी दहा मिनिटांची आहे. चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी माप) नळीवर बसवावा, त्याचे टोक स्टॉकच्या पुढच्या टोकाला टेकवावी, दोन्ही स्क्रू ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून गेज शून्यावर आणावा. मग पुढचा स्क्रू सावकाश सैल करून काटा पाहावा. तो परत आवळून मागच्या स्क्रूचे तसेच करावे. काटा 0.03 मि.मी.च्या आत राहिला तर बैठक चांगली आहे, हात लावू नये. 0.05 च्या पुढे गेला तर शंका घ्यावी आणि 0.1 च्या आसपास उडी मारली तर बेडिंग हवेच. गेज नसेल तर नळी आणि लाकूड यांच्या फटीवर बोटाचे टोक ठेवून दुसऱ्याला स्क्रू सैल करायला सांगावे. ताण असेल तर नळी उचलल्याचे बोटाला चक्क कळते.

नळीची फटही पाहावी. शंभराच्या नोटेची दुहेरी घडी टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत न अडकता सरकली पाहिजे, आणि ती पट्टा (हाताला अडकवून रायफल स्थिर धरण्याचा) चढवून, झोपून धरलेल्या रायफलमध्ये. ही तपासणी बहुतेक जण विसरतात. टेबलावर ठेवलेल्या रायफलमध्ये फट मोकळी दिसते, पण पट्ट्याच्या ओढीने लाकूड वाकते आणि नळीला टेकते. मग बेंचवर उत्तम ग्रुप देणारी रायफल झोपून मारताना गोळ्या एका अंगाला टाकते आणि दोष मुलाच्या श्वासाला दिला जातो. आपल्या हवेत लाकडी स्टॉकला किमान दीड मि.मी. फट ठेवावी. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत अक्रोडाचे लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि मार्चमधली अर्ध्या मि.मी.ची फट जुलैत नाहीशी होते.

तरीही गुण अडण्याचे कारण बहुधा बैठकीत नसते. सैल स्क्रू, सैल साइट (नेम धरायचे साधन), नळीच्या तोंडाला पडलेला ओरखडा आणि सर्वांत वरचढ म्हणजे काडतुसांचा लॉट. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मि.मी.चे आणि गोळी 5.6 मि.मी.ची धरतात. कडेला स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे गोळ्यांचे मध्यबिंदू 16 मि.मी.च्या वर्तुळात पडले पाहिजेत. तपासताना रायफल घट्ट टेकवून एकाच लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप मारावेत आणि कागद जपून ठेवावेत. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवरून काही ठरवू नये, तो योगायोगानेही पडतो. ग्रुप 16 मि.मी.च्या आत असतील आणि मूल आठ-नऊ मारत असेल, तर रायफल निर्दोष आहे.

बेडिंग करायचेच ठरले तर ते परवानाधारक गनस्मिथकडूनच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच). .22 रायफल हे अग्निशस्त्र आहे आणि शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार त्याच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीच्या सुताराकडे चार दिवस रायफल ठेवून येणे हा गुन्हा ठरू शकतो. काम गनस्मिथचे असले तरी ते कसे होते हे मालकाला माहीत असावे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

बैठकीतले लाकूड एक ते दीड मि.मी. खरवडतात. तेल मुरलेला भाग पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर इपॉक्सी पापडीसारखा सुटतो. स्क्रूच्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या, म्हणजे पिलर, बसवतात. नुसते लाकूड स्क्रूखाली दबत जाते आणि महिन्याभरात टॉर्क उतरतो. पिलर तो भार पेलतो. स्क्रू पिलरच्या भिंतीला कुठेही घासता कामा नये, सर्व बाजूंनी थोडी मोकळीक हवी.

अ‍ॅक्शनची प्रत्येक फट आणि भोक मुलांच्या हस्तकलेच्या तेलकट मातीने बुजवतात, पृष्ठभागावर मेणाचे दोन पातळ हात देतात. इथे आळस केला तर इपॉक्सी खाचेत शिरून घट्ट होतो आणि अ‍ॅक्शन स्टॉकमधून कधीच सुटत नाही. हे सर्वांत महागात पडणारे नुकसान. मोठ्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) रायफलीत धक्का झेलणारी रिकॉइल लग, म्हणजे खालचा पोलादी उंचवटा, असते. तिची फक्त मागची बाजू टेकली पाहिजे, म्हणून पुढच्या, खालच्या आणि दोन्ही कडांच्या बाजूंवर टेपचे थर लावतात. अनेक .22 रायफलींना ही लग नसतेच.

इपॉक्सी धातूची पूड मिसळलेला, सावकाश घट्ट होणारा हवा. पाच मिनिटांत जमणारा नको आणि गाडीच्या डेंटवर भरायची लांबी तर नकोच, कारण ती सुकताना आकसते. दोन घटक अंदाजाने न घेता वजनकाट्यावर तोलून घ्यावेत. अ‍ॅक्शन बसवताना स्क्रू आवळू नयेत, फक्त दिशा दाखवण्यापुरते बोटाने लावावेत. आवळून ठेवले तर ज्या ताणासाठी हा खटाटोप केला, तोच ताण साच्यात कायमचा गोठतो. चोवीस तास हलवू नये.

एप्रिल-मेच्या उकाड्यात मिश्रण हातात असतानाच जमू लागते आणि पावसाळ्यात इपॉक्सीच्या पृष्ठभागावर चिकट थर धरतो, शिवाय लाकूड फुगलेल्या मापावर साचा बनतो. म्हणून ठाणे-नवी मुंबईत हे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्यावे. खरवडलेल्या लाकडाला सगळीकडून सीलर (ओल अडवणारा लेप) मारून घ्यावा, नळीखालच्या खोबणीतही.

आमची क्लबांना आणि जिल्हा पातळीवरच्या आयोजकांना विनंती आहे. एक टॉर्क रेंच आणि एक डायल गेज सर्वांसाठी रेंजवर ठेवा. रबाळे-महापेच्या वर्कशॉपमध्ये ही अवजारे रोजच्या हाताखालची आहेत, दुर्मीळ नाहीत. प्रत्येक रायफलीसाठी उत्पादकाने दिलेला टॉर्क (लाकडी स्टॉकच्या .22 ला साधारण 5 न्यूटन-मीटर) आणि शेवटच्या तपासणीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीत चिकटवा. स्क्रू पावसाळ्याआधी, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि स्पर्धेच्या आदल्या सरावाला तपासा. स्पर्धेच्या सकाळी मात्र हात लावू नका, कारण स्क्रू हलला की शून्य (नेम आणि गोळीची जागा यांचा मेळ) पुन्हा जुळवावे लागते आणि साइटिंगच्या, म्हणजे स्पर्धेआधी सरावगोळ्या मारण्याच्या, वेळात ते धड होत नाही.

आपले,
रायफल नेमबाजीतील काही वाचक,
ठाणे व नवी मुंबई