शकुंतलेचा पट्टा तुटू देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शकुंतलेची, म्हणजे आमच्या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीची, बातमी छापून आली की आमच्याकडे परतवाड्यात चहाच्या टपरीवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो ब्रॉडगेज होणारच, दुसरा म्हणतो आपल्या हयातीत तर नाही. मी रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रेल्वेमार्गाचा निरीक्षक, होतो. रूळ, स्लीपर, खडी, भरावाखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्या यांची देखभाल करण्यात नोकरी गेली, तीही मेन लाइनवर. त्यामुळे या वादात मला तिसरेच काही म्हणायचे आहे. गाडी केव्हा यायची ती येवो, तोवर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा जमिनीचा पट्टा अखंड राहिला पाहिजे. तो अखंड ठेवण्याची एक रीत मी अमेरिकेत लेकीकडे गेलो असताना सायकलवर बसून पाहिली. तीच सांगण्यासाठी हे पत्र.

लेक पिट्सबर्गला असते. त्या शहरातून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत १५० मैलांची, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरची सायकलवाट आहे. ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज असे तिचे नाव. बहुतेक वाट बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जाते. जावईबापूंनी ती पुरी केलेली आहे, आणि कंबरलँडहून पुढे जुन्या कालव्याच्या काठाने थेट वॉशिंग्टनपर्यंतही ते गेलेले आहेत. माझ्या गुडघ्यांचा विचार करून त्यांनी माझ्यासाठी दोन निवडक तुकडे काढले : कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल हा नदीकाठचा, आणि मायर्सडेल ते कंबरलँड हा डोंगर ओलांडणारा. सायकली भाड्याने मिळाल्या. दिवस ऑक्टोबरचे, मेपलची झाडे लालभडक झालेली.

पहिला तुकडा यॉकिगेनी नदीच्या कडेने जातो. एका हाताला जंगलाचा उतार, दुसऱ्या हाताला खाली पाणी, आणि चाकाखाली चुनखडीचा बारीक चुरा दाबून केलेला रस्ता, साधारण दहा फूट रुंद. चढ असा जाणवतच नाही. जावयांना त्याचे कौतुक वाटत होते, मला नाही. जिथून मालगाडी ओढली जायची तिथे चढ असणार किती? सायकलवाल्याला हवा असतो तो मंद चढ, मोठ्या त्रिज्येचे वळण आणि पाण्याचा निचरा. हे सगळे रेल्वेच्या इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेले असते. नवा रस्ता आखून हे मिळवायचे म्हटले तर डोंगर पुन्हा कापावा लागेल.

नदीच्या पलीकडच्या काठाने दुसरी रेल्वेलाइन आहे आणि ती चालू आहे. मालगाडीचा आवाज आला की मी ब्रेक दाबून उभा राहत असे. डबे मोजायची सवय काही सुटत नाही. जावई पुढे जाऊन थांबायचे. काही बोलायचे नाहीत.

दोन काठांवर दोन कंपन्यांच्या लाइन्स होत्या, त्यांतली या बाजूची वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची. ती १९१२ मध्ये सुरू झाली आणि १९७५ मध्ये बंद पडली. पुढे रूळ निघाले. ओहायोपाइलजवळचा पहिला छोटा तुकडा १९८६ मध्ये सायकलींसाठी खुला झाला, कंबरलँडपर्यंतची सलगता २००६ मध्ये आली आणि पिट्सबर्ग शहरातला शेवटचा दुवा २०१३ मध्ये जुळला. म्हणजे सत्तावीस वर्षे. हा आकडा मी मुद्दाम देतो. आपल्याकडे दोन वर्षांत काही झाले नाही की फाइल बंद होते. तिथेही तुकडे तुकडेच झाले, पण कोणता तुकडा कोणाला जोडायचा हे ठरलेले होते आणि मधली जमीन टिकून होती.

दुसऱ्या तुकड्यावर मात्र माझ्यातला पीडब्ल्यूआय पुरता जागा झाला. मायर्सडेलचे जुने स्टेशन त्यांनी ठाकठीक ठेवले आहे, आत छोटे संग्रहालय आहे. कंबरलँडच्या उलट दिशेला, गावाबाहेर सॉल्सबरी व्हायाडक्ट आहे, तो बघायला आधी तिकडे गेलो. १,९०८ फूट लांबीचा लोखंडी पूल, खाली कॅसलमन नदी, महामार्ग आणि ती दुसरी चालू लाइन, सगळे एकाच नजरेत. मी कठड्यापाशी उभा राहून खालचे खांब आणि सांधे बघत बसलो. मग मागे फिरून कंबरलँडकडे निघालो. ही वाट २,३९२ फुटांवर पूर्व जलविभाजक ओलांडते. इथून पश्चिमेला पडलेला पाऊस मेक्सिकोच्या आखातात जातो आणि पूर्वेला पडलेला अटलांटिकमध्ये. त्यानंतर लगेच बिग सॅव्हेज बोगदा : ३,२९४ फूट, जवळजवळ एक किलोमीटर. आत दिवे आहेत. हिवाळ्यात दोन्ही तोंडांची दारे बंद करून बोगदा मिटून घेतात, कारण झिरपलेले पाणी गोठले की अस्तर फुटते. बंद पडलेल्या लाइनच्या बोगद्याची इतकी काळजी कोणी घेते, हे पाहून मला खरोखर बरे वाटले.

तिथून कंबरलँडपर्यंत सुमारे २४ मैल नुसता उतार, साधारण साडेसतराशे फुटांचा. सर्वांत तीव्र जागी पावणेदोन टक्के, म्हणजे आमच्या हिशेबात ५७ ला १ (५७ फुटांत एक फूट). आपला बोरघाट ३७ ला १ आहे, त्यावरून कल्पना यावी. पॅडल न मारता मी अर्धा डोंगर उतरलो. सासरेबुवा काय वेगाने चाललेत म्हणून जावई मागून ओरडत होते.

या उतारावर फ्रॉस्टबर्गपासून पुढे मी जे पाहिले ते शकुंतलेच्या दोन्ही तटांनी नीट ऐकावे. तिथे रूळ काढलेलेच नाहीत. पर्यटकांची एक गाडी त्यांवर धावते आणि त्याच पट्ट्यावर, रुळांच्या शेजारून, सायकलवाट जाते. ब्रश नावाचा एक लहान बोगदा आहे, त्यातूनही दोघे एकत्रच जातात, एका अंगाला रूळ आणि दुसऱ्या अंगाला सायकल. तेव्हा ‘सायकलवाट केली म्हणजे रेल्वेवर पाणी सोडले’ हे म्हणणे खरे नाही.

अमेरिकेत या गोष्टीला कायद्याचाच आधार आहे. तिथे रेल्वेचे जाळे १९१६ च्या सुमारास अडीच लाख मैलांवर गेले होते, मग ट्रक आणि मोटारी आल्या आणि लाइन्स बंद पडू लागल्या. बंद लाइनची जमीन शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटली गेली की पुन्हा एकत्र करणे अशक्य, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून १९८३ मध्ये त्यांनी कायद्यात तरतूद केली. कंपनीने गाडी बंद केली तरी तो मार्ग कायमचा मोडीत निघाला असे धरायचे नाही, भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा, आणि मधल्या काळात त्यावर पायवाट व सायकलवाट चालवायची. उद्या रेल्वेला तो हवा असेल तर तिला तो परत मिळतो. मोजक्या ठिकाणी असे रूळ पुन्हा पडलेही आहेत. शेजारच्या जमीनमालकांना हे सहजासहजी पटले नाही. ते कोर्टात गेले, एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले आणि १९९० मध्ये कोर्टाने ही तरतूद वैध ठरवली. मात्र ज्यांचा हक्क बुडाला त्यांना सरकारकडे भरपाई मागण्याचा रस्ता मोकळा ठेवला. आज त्या देशात जुन्या रेल्वेमार्गांवरच्या अशा वाटा २० हजार मैलांहून जास्त आहेत.

आता आपल्याकडे या. शकुंतला किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी घातली. अडीच फुटी नॅरोगेज. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर, अचलपूर ७६. मँचेस्टरकडे बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन तिच्यावर १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत धावले, त्यानंतर डिझेल आले. गार्डनेच खाली उतरून तिकिटे फाडायची, फाटकही गाडीच्याच माणसांनी लावायचे आणि उघडायचे, असा तो संसार होता. अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा इथल्या किती घरांतल्या मुली त्याच गाडीने सासरी गेल्या आणि माहेरपणाला आल्या. आता दोन्ही बाजूंना गाडी बंद आहे.

मी ब्रॉडगेजच्या बाजूचा माणूस आहे, हे स्वच्छ सांगतो. गरीब माणसाला तिकिटात परवडणारी गाडी हवी, त्याला सायकलवाटेचे आमिष दाखवून गप्प करू नये. पण गाडी बंद झालेल्या लाइनचे काय होते ते मी नोकरीत पाहिलेले आहे. आधी मरते ती मोरी. आमचा कीमन रोज हातोडा आणि पाना घेऊन आपली बीट चालत असे, तो दिसला नाही की मोरीत पालापाचोळा साठतो, गाळ साठतो. मग पावसाळ्यात भराव धरणासारखा पाणी अडवतो आणि एके रात्री वाहून जातो. त्यानंतर वेडी बाभूळ येते. त्यानंतर शेजारच्या कास्तकाराचा धुरा, म्हणजे बांध, सरकतो, दर पेरणीला नांगराचे एक तास, दोन तास. मी त्याला चोर म्हणणार नाही. पडीक जमीन डोळ्यांसमोर असताना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, दोन ओळी कोण सोडेल? पण पंधरा वर्षांनी ब्रॉडगेजची निविदा निघेल तेव्हा भूसंपादन नव्याने करावे लागेल, आणि तेव्हा तो खर्च बघून तीच फाइल पुन्हा कपाटात जाईल.

ज्या वाटेवर रोज माणूस फिरतो ती वाट मरत नाही. सायकलवाटेचा मला दिसलेला सगळ्यांत मोठा उपयोग हाच. कीमन गेला, तर त्याच्या जागी शाळेत जाणाऱ्या मुली, दूधवाले, सकाळी फिरणारे मास्तर येतील. मोरी तुंबली, झाड पडले, कोणी खणायला घेतले, की त्याच दिवशी गावात कळेल. पिट्सबर्गच्या वाटेवरही गवत कापायला आणि पडलेली झाडे उचलायला गावोगावचे स्वयंसेवक येतात.

वऱ्हाडात सायकल कोण चालवणार, असे विचारले जाईलच. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कोणीच नाही, मीही नाही. पण मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, आणि त्या मुली उसाच्या नाही तरी कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या कडेकडेने जीव मुठीत धरून शाळेला जातात. गाडीघोड्याचा रस्ता सोडून त्यांना गावातून गावात जाणारी सपाट वाट मिळाली, तर तिचा उपयोग नोव्हेंबरमधल्या हौशी पर्यटकापेक्षा त्यांनाच जास्त होईल. पर्यटकही आला तर येऊ द्या. अचलपूरहून पथ्रोटमार्गे अंजनगावकडे निघाले की उत्तरेला सातपुड्याची रांग सोबतीला असते आणि आजूबाजूला संत्र्याच्या बागा. दर्यापूरहून मूर्तिजापूरकडे निघाले की मध्ये पूर्णा ओलांडावी लागते. कारंजा तर नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, तिथे माणसे एरवीही येतातच. ओहायोपाइलसारख्या छोट्या गावात सायकलवाल्यांच्या जिवावर खानावळी आणि राहण्याच्या खोल्या चालतात, ते मी पाहिले. अंजनगावात दोन जादा खानावळी चालल्या तर काय वाईट?

एक तांत्रिक इशारा. आपली काळी माती. वॉशिंग्टनकडे जाणारी ती कालव्याकाठची वाट पावसानंतर चिखलाने भरते, असे जावई सांगत होते, आणि आपली माती तर तिच्याहून दुष्ट. पाऊस पडला की चाक आणि मडगार्ड यांच्यात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मुरूम आणि बारीक गिट्टी नीट दाबल्याशिवाय, दोन्ही बाजूंना चर काढल्याशिवाय कोणी फीत कापू नये. भराव रेल्वेचा असल्यामुळे पाया तयार आहे, त्याची रुंदीही सायकलवाटेला पुरेशी आहे. वरचा थर मात्र स्वस्तात उरकला तर पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांची हौस फिटेल. डांबर किंवा सिमेंट मुळीच नको. त्यावर मोटारसायकली येतात, आणि मग ती सायकलवाट राहत नाही. अमेरिकेतल्या त्या वाटेवर रस्त्यांच्या छेदांवर मधोमध खांब रोवलेले मी पाहिले, सायकल जाईल, मोटार जाणार नाही. आपल्याकडे त्याच्याशिवाय चालायचेच नाही.

माझी मागणी मोठी नाही. मालकी कंपनीची, गाडी चालवणार रेल्वे, आणि गावे राज्य सरकारची, अशा तिघांत हा पट्टा अडकलेला आहे. ब्रॉडगेजचे काय ते दिल्लीत ठरेल. तोवर तिघांनी मिळून एवढेच लिहून द्यावे की हा मार्ग रेल्वेसाठी राखीव आहे, त्यावरचा कोणताही तुकडा दुसऱ्या कामाला जाणार नाही, आणि रेल्वे मागेल त्या दिवशी सायकलवाट बाजूला होईल. मग अमरावती, अकोला, वाशीम आणि यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या खरिपाची नांगरणी सुरू होण्याआधी हद्दीची मोजणी करून घ्यावी. मोऱ्या आणि पूल कुठे कसे आहेत याची यादी कोणीही जुना रेल्वेवाला चालत जाऊन करून देईल. अचलपूर ते अंजनगाव या तुकड्याची यादी करायला मी तयार आहे, मला मानधन नको, फक्त सोबत एक तरुण माणूस द्या. नदी-नाल्यात उतरून पुलाचे पाये बघायचे वय आता माझे नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त पीडब्ल्यूआय
परतवाडा, जि. अमरावती