गडावरून उतरलात की जुन्नर गावातही या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला शिवनेरीवरचा लेख वाचला. गडाविषयी मनापासून लिहिले आहे. पण माझ्या जन्मगावाच्या, जुन्नरच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली: 'गडाच्या पायथ्याचे छोटे गाव'. माणसे मोजली तर ते खरे आहे. 2011 च्या जनगणनेत इथे 25,315 लोक होते. मात्र या गावाचे वय आणि व्याप त्या आकड्यात मावत नाही, म्हणून हे पत्र.

कुकडीच्या काठी वसलेल्या जुन्नरचे नशीब घाटाने घडवले. पश्चिमेला साधारण 30 किलोमीटरवर नाणेघाट आहे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने देशावर चढे, जुन्नरच्या बाजारात येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथे सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या, पावलांच्या तेवढ्या खुणा राहिल्या, आणि वर कोरलेली नावे. ती पावले पाहिली की मला दरवेळी भरून येते.

जुन्नरभोवती शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. ती खोदायला पैसा दिला तो बहुतेक बाजारातल्या माणसांनी. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक परदेशी माणसाने, पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्या एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. एका लेखात तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे, तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालावे म्हणून. आमचे दुकान पेठेतच आहे. बाजाराच्या दिवशी समोर एक बुरूड मावशी सुपे, टोपल्या, डालगी मांडून बसतात आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बांबू चिरत राहतात. त्या लेखाबद्दल मी त्यांना सांगितले. हातातला कोयता बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे आमचं नाव डोंगरात कोरलंय?" मी हो म्हणालो. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावले.

पुढचेही थोडे सांगतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी चौलहून इथे आला आणि पावसाळाभर राहिला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही उभी केली तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नर होती, 1494 मध्ये अहमदनगर वसवण्यापूर्वीची. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला तो इथल्या मोगली ठाण्यावर. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता.

मग गाव लहान का राहिले? राजधानी गेली, नंतर 1863 मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि नाणेघाटाची वाट ओस पडली. पुणे-नाशिक महामार्गही नारायणगावातून जातो, आमच्यापासून पंधराएक किलोमीटरवरून. वर्दळ तिकडे गेली. वाट गेली की बाजार जातो, हे आम्ही पेठेतली माणसे जाणतो.

2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. तरीही बहुतेक गाड्या गडाखाली थांबतात, तिथून लेण्याद्रीला जातात आणि परततात. पेठेत एकही फलक असा नाही की जो थांबून वाचावा. लेण्यांतल्या या लेखांचे सोप्या मराठीत भाषांतर करून ते बाजारात, एसटी स्थानकावर आणि गडाच्या वाटेवर लावावे, ही माझी संबंधितांना कळकळीची विनंती. आणि आपल्याला विनंती अशी, की येत्या 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या पुरवणीत गडाच्या शेजारी अर्धे पान जुन्नर गावाला द्यावे. आपला प्रतिनिधी आला तर मी त्याला पेठ, बुरूड मावशी आणि नाणेघाटातली ती पावले स्वतः दाखवीन.

आपला नम्र,
एक दुकानदार वाचक, जुन्नर